भिंत गवंड्याची, खिडकी फॅब्रिकेटरची, मग मधली फट कोणाची?

दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात रंगकामाचा हंगाम सुरू होतो. शाळा, दवाखाना, कार्यालय, जिथे बघाल तिथे खिडकीखालची भिंत खरवडायची, पुट्टी भरायची, रंग मारायचा, बिल काढायचं. पुढच्या आषाढात त्याच जागी तेच पोपडे. वीस वर्षं तालुक्यात बातमीदारी करतोय. या दुखण्याची कितीतरी निवेदनं हातात आली आणि बहुतेकांत एकच वाक्य : 'इमारतीचा स्लॅब गळतो.'

मग वर पत्र्याची शेड चढते. तरी भिंत ओली ती ओलीच. कारण बऱ्याच ठिकाणी पाणी वरून येतच नाही, झडीबरोबर आडवं येतं. पुढच्या पावसात नीट बघा. ओल छतातून खाली उतरतेय, की खिडकीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतून सुरू होतेय? कोपऱ्यांतून असेल तर पत्रा घालून काही उपयोग नाही.

हा नुसता रंगाचा प्रश्न नाही. गेल्या जुलैत एका शाळेत खिडकीशेजारचा स्विचबोर्ड ओला झाला म्हणून मेन स्विच बंद ठेवून अंधारात वर्ग भरलेला मी पाहिला. मुरलेल्या पाण्याने लिंटेलमधली सळई गंजते, फुगते आणि काँक्रीटचे तुकडे खाली येतात. त्या खाली कोण बसलेलं असतं, ते सांगायला नको.

विचारायला जा, तर गवंडी म्हणतो, 'माझी भिंत ओळंब्यात आहे, खिडकी नंतर बसली.' फॅब्रिकेटर म्हणतो, 'माझं ॲल्युमिनियम गळत नाही, भिंत पाणी पिते.' रंगारी म्हणतो, 'मला ओल्या भिंतीवर रंग द्यायला लावला.' गंमत म्हणजे तिघंही खरं बोलतात. पाणी शिरतं ते चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून, आणि ती फट एस्टिमेटमध्ये कोणाच्याच नावावर नसते. माझं म्हणणं एवढंच : ती फट कागदावर आणा.

आपल्या जुन्या घरांना उतरतं कौलारू छप्पर, पुढे पडवी. पाऊस खिडकीपर्यंत पोचायचाच नाही. शिवाय दर उन्हाळ्यात शाकारणी. आता घर म्हणजे चौकोनी डबा. छज्जा जेमतेम, किंवा 'एलिव्हेशन' छान दिसावं म्हणून तोही नाही. चिरा मुळातच सच्छिद्र. त्यात स्लायडिंग खिडकी. खालच्या ट्रॅकमधलं पाणी बाहेर जायला भोकं असतात, ती सिमेंटने नाहीतर रंगाने बुजलेली. मग ट्रॅक भरतो आणि वारा ते पाणी आत ढकलतो.

यावर आपला उपाय ठरलेला : सिलिकॉनची एक ट्यूब. धुळीवर मारलेलं सिलिकॉन लवकर सुटतं. आंबट वासाचं तर सिमेंटवर नीट धरतच नाही, न्यूट्रल मागावं लागतं. आणि चांगलं मारलं तरी ते मागाहून लावलेलं ठिगळच.

खरं काम चौकट बसण्याआधीचं. टेरेसला, बाथरूमला ब्रशने जे वॉटरप्रूफिंग लावतो, तसंच खिडकीच्या मोकळ्या गाळ्याला लावायचं. परदेशात याच पद्धतीला लिक्विड फ्लॅशिंग म्हणतात. आधी सिलला बाहेरच्या बाजूला ढाळ, आतल्या कडेला छोटा उंचवटा, कोपऱ्यांत वाटा. धूळ साफ. मग सिल, दोन्ही बाजू आणि लिंटेलची खालची बाजू, थोडं बाहेरच्या भिंतीवर वळवून, दोन हात. कोपऱ्यांत जाळी. वाळलं की रबरासारखा सलग थर होतो. त्यावर चौकट, स्क्रूच्या भोकांत सीलंट, शेवटी सिलिकॉन. सिलवर मात्र पाणी बाहेर पडायला वाट ठेवायची. गॅलरी आणि गच्चीच्या दरवाज्यांच्या उंबऱ्यालाही हेच.

'एवढं कोणाला परवडतं?' हिशेब करा. ४ बाय ४ फुटांच्या खिडकीचा घेर १६ फूट, भिंत ९ इंच. म्हणजे १२ चौरस फूट. अशा २० खिडक्या मिळून २४० चौरस फूट, एका मोठ्या खोलीएवढं क्षेत्र. त्यापुढे दर दोन-तीन वर्षांनी अख्ख्या इमारतीचा रंग ठेवून बघा.

हे दुर्लक्ष किती महाग पडतं ते कॅनडात दिसलं. व्हँकुव्हर परिसरातही भरपूर पाऊस. १९८० आणि १९९० च्या दशकांत तिथे छपराचे पुढे आलेले भाग न ठेवता अनेक निवासी इमारती उभ्या राहिल्या. खिडक्यांभोवतून पाणी आत शिरलं, लाकडी सांगाडे कुजले, लोक कर्जबाजारी झाले. शेवटी १९९८ मध्ये प्रांताचे माजी प्रीमियर डेव्ह बॅरेट यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. आपल्याकडे भिंत चिऱ्याची, म्हणून ती कोसळत नाही, फक्त कुजत राहते. म्हणून आयोगही बसत नाही.

तेव्हा मागण्या तीन. एक, प्रत्येक सार्वजनिक इमारतीच्या एस्टिमेटमध्ये 'खिडकी-दरवाज्यांच्या गाळ्यांचं वॉटरप्रूफिंग' ही वेगळी बाब हवी, मोजमापासह. दोन, शेवटचं बिल देण्याआधी प्रत्येक खिडकीवर बाहेरून पाइपने पाणी मारून चाचणी व्हावी, गावकऱ्यांसमोर. तीन, दोषदायित्वाचा कालावधी किती आणि कधी संपतो, ते इमारतीच्या फलकावर लिहा. ठेकेदाराने फुकट करायची दुरुस्ती आपण नव्या निधीतून का करायची?

आणि फ्लॅटवाल्यांनो, रेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पात ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कामातला दोष कळवला, तर तो ३० दिवसांत विनामोबदला दुरुस्त करणं बिल्डरवर बंधनकारक आहे. कलम १४(३). फोनवर तोंडी बोलू नका. ओल दिसली की तारखेसह फोटो काढा, लेखी द्या आणि पोच घ्या.

आपल्या गावात सध्या कोणत्या सार्वजनिक इमारतीचं काम सुरू आहे? खिडक्या बसायच्या आत तिथे जाऊन एस्टिमेट मागा. नाही दिलं तर माहिती अधिकार आहेच. एकदा चौकट बसली की मग आपल्या हातात सिलिकॉनची ट्यूबच उरते.