आधी झोळी, मग मशीन

हजेरीपटावरून तिचं नाव मी माझ्या हातानं कापलं, त्याला आता अकरा वर्षं झाली. सोलापूरच्या पूर्व भागातली पोर. अठरा-एकोणीसची, अंगावर पिणारं बाळ, नवरा सोडून गेलेला. आई विड्या वळायची. कटिंग तिला शिकवावंच लागलं नाही. लहानपणापासून तेंदूच्या पानावर फर्मा ठेवून कात्री चालवलेली. ब्लाउजचा कागदी पॅटर्न तिच्या दृष्टीनं एक मोठा फर्माच. बोटांचा तंबाखूचा वास तेवढा पांढऱ्या कापडाला लागायचा, म्हणून ती दर तासाला उठून हात धुऊन यायची.

सहा महिन्यांचा कोर्स, ऐंशी टक्के हजेरी सक्तीची. बाळाला वर्गात आणायची परवानगी नव्हती. सुया, कात्र्या, तापलेली इस्त्री, तेव्हा नियमही चुकीचा नव्हता. पण बाळ आजीपाशी ठेवलं की आजीच्या विड्या कमी भरायच्या, आणि विड्या कमी भरल्या की संध्याकाळी घरात भांडण. पोरगी आठवड्यातून तीनदा येऊ लागली, मग एकदाच. "मॅडम, उद्यापासून नक्की येते," म्हणायची. महिनाअखेरीला मी लाल रेघ मारली. वर्गात तिच्याइतका सरळ हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

बत्तीस वर्षं मी शिवणकाम शिकवते आहे, आधी पगारी नोकरीत आणि आता घरच्या पुढच्या खोलीत. या काळात मोफत मशीनवाटपाचे फोटो इतके पाहिले, की हार घातलेलं मशीन दिसलं की मी पान उलटते. २०२३ साली पीएम विश्वकर्मा योजना आली. तिच्यात शिंपीकामही आहे. पाच ते सात दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण, रोजचे ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५ हजार. ज्याचा हात आधीच बसलाय, त्या कारागिराला ही मदत चांगली, तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण ज्या पोरीला रात्री झोपायला धड जागा नाही, तिला पाच दिवसांत काय शिकवणार? पाच दिवसांत माझ्याकडची मुलगी पायमशीन उलटं न फिरवता सरळ टीप मारायला शिकते. कॉलर लावणं राहू द्या.

आपल्याकडे हे काम ज्यांनी खरोखर करून दाखवलं, ते बहुतेक धर्माच्या वाटेनं आलेले होते. मला हे कबूल करायला वेळ लागला, कारण मी देवधर्मापासून चार हात लांबच राहणारी बाई. सोलापूरहून पुण्याला निघालं की दौंड मागे पडल्यावर थोड्या वेळात केडगाव लागतं. तिथलं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी मुली, तरुण विधवा घेऊन आल्या. उपासमार त्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील गेले होते. १९००च्या सुमारास केडगावात दोन हजारांच्या आसपास माणसं राहत होती. आणि ती काय करत होती? शेती, विणकाम, शिवण, तेलघाणी, दुभती जनावरं, पुस्तकबांधणी. छापखान्यात बायका खिळे जुळवत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतरही तिथल्याच बायकांनी छापलं. आंधळ्या मुलींना रमाबाईंची लेक मनोरमा ब्रेल शिकवायची.

ही यादी वाचताना मी शिवणशिक्षिकेच्या नजरेनं वाचते. मला त्यात कोर्स दिसत नाही, मुक्काम दिसतो. मुलगी आली की आधी जेवली, अंघोळ केली, केसांतल्या उवा निघाल्या, रात्री भिंतीशी पाठ लावून निर्धास्त झोपली. हात मशीनवर गेला तो त्यानंतर. मूल असलं तर तेही तिथंच. किती दिवसांत शिकून बाहेर पडशील, असं विचारायला कोणी बसलेलं नव्हतं.

आता दुसरी बाजू. १८८९च्या मार्चमध्ये मुंबईत उघडलेलं शारदा सदन पुढच्याच वर्षी पुण्यात आलं आणि १८९३ साली त्यावर धर्मांतराच्या आरोपांचं मोहोळ उठलं. 'केसरी'नं झोड उठवली. रानडे, भांडारकरांसारख्या सुधारकांनीही सल्लागार मंडळातून अंग काढून घेतलं. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंच्या बाजूनं बोलायला मला आवडतं, तरी त्या आरोपात काहीच नव्हतं असं मी म्हणणार नाही. जिला बाहेर दारच नाही, अशा मुलीसमोर प्रार्थनेचं पुस्तक ठेवलं, की तिचा होकार कितपत तिचा? जेवणाचं ताट वाढणाऱ्याला 'नाही' म्हणणं फार कठीण असतं, मग तो ताट वाढणारा ख्रिस्ती असो, हिंदू असो की कुठल्या पक्षाचा कार्यकर्ता.

पण ज्यांनी ओरड केली, त्यांतल्या किती जणांनी दुसरं दार उघडलं? उघडलं ते ओरड न करणाऱ्या एकानं, म्हणून आपण त्यांचं नाव अजून घेतो. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी तिच्याशी लग्न केलं आणि तीन वर्षांनी विधवांसाठी आश्रम काढला, तोच पुढे हिंगण्याला गेला. रमाबाईंना उत्तर द्यायचं तर अग्रलेख लिहून भागत नाही, खोल्या बांधाव्या लागतात, हे कर्व्यांना कळलं होतं. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं, तिथून परिचारिका आणि सुईणी तयार झाल्या. सेवासदनाची शाळा आमच्या सोलापुरातही आहे. आणि श्राविका संस्थानगरचा तर रिक्षावाल्यालाही पत्ता सांगावा लागत नाही. जैन परंपरेतल्या पद्मश्री पंडिता सुमतीबाई शहांनी तिथं मुलींच्या शिक्षणाला आयुष्य दिलं.

पंढरपूरची गोष्ट तर केडगावच्याही आधीची. तीर्थाच्या ठिकाणी नेऊन घरची गरोदर विधवा सोडून यायची, ही तेव्हाची रीत. चंद्रभागेच्या वाळवंटात नवजात मुलं टाकली जायची. तिथं न्यायाधीश असलेले लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकारानं १८७५ साली प्रार्थना समाजानं अनाथ बालकाश्रम उघडला. वासुदेव बाबाजी नवरंगे यांचं नाव मिळालेला तो आश्रम आजही पंढरपुरात आहे. तेव्हा 'हे मिशनऱ्यांचं काम' म्हणून हात झटकायची सोय आपल्या जिल्ह्याला तरी नाही.

युगांडातल्या गुलू गावची एक ननही मला यांच्याच ओळीत बसवावीशी वाटते, सिस्टर रोझमेरी न्यिरुम्बे. जोसेफ कोनीच्या बंडखोर फौजेनं तिकडच्या हजारो मुलंमुली पळवून नेल्या. फौजेचं नाव 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी', म्हणजे तीही देवाच्याच नावाची. जंगलातून सुटून आलेल्या मुली कडेवर मूल घेऊन यायच्या आणि त्यांना घरचेही आत घेत नसत. सेंट मोनिका या शिवणशाळेत रोझमेरीबाईंनी त्यांना मुलांसकट घेतलं. शिवण, स्वयंपाक आणि शेजारीच पोरांसाठी बालवाडी. सोड्याच्या डब्यांची झाकणं उघडायची जी छोटी कडी असते ना, ती दोऱ्यानं विणून या मुलींनी पर्स केल्या आणि त्या परदेशात विकल्या गेल्या. २०१४ साली 'टाइम'नं रोझमेरीबाईंना शंभर प्रभावी व्यक्तींत गणलं. मला त्या यादीपेक्षा बालवाडीचं कौतुक जास्त. केडगाव आणि गुलू यांच्यात शंभर वर्षं आणि एक समुद्र आहे, तरी मुलगी शिकायला बसवायची तर आधी तिच्या कडेवरचं ओझं कुठं ठेवायचं, हे दोन्हीकडच्या बायांना न सांगता कळलं.

सरकारला हे कळत नाही असं नाही. शक्ती सदन नावाची निवाऱ्याची योजना आहे, नोकरदार महिलांसाठी सखी निवास आहे, त्यात पाळणाघराचीही तरतूद आहे. पण निवारा एका खात्याचा, कोर्स दुसऱ्याचा आणि नोकरी कुणाचीच नाही. निवाऱ्यातली बाई कोर्सला जायला निघाली, की बसभाड्याची फाइल कोणाच्या टेबलावर हे ठरेपर्यंत बॅच संपते. धर्मसंस्थेत या तिन्ही गोष्टी एकाच बाईच्या हातात असतात. तिच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असतो.

सोलापुरात चादर-टॉवेल होतेच, आता युनिफॉर्मचे कारखाने वाढलेत. त्यांचे मालक माझ्याकडे येतात. "बाई, हात बसलेल्या पोरी द्या, नगावर चांगले पैसे देतो," म्हणतात. मी म्हणते, पोरी आहेत, पण त्यांना वर्षभर सांभाळायचं कोणी? कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगारांची दहा हजार घरं २००६ साली उभी राहिली, शेजारी रे नगरची पंधरा हजार घरं २०२४ साली वाटली गेली. एवढी घरं बांधणाऱ्या गावाला तीस मुलींचं एक वसतिगृह, खाली शिवणवर्ग, मागे पाळणाघर, हे जड जाणार नाही. मालकांनी भाडं द्यावं, महापालिकेनं जागा. त्यात सकाळी कोणी आरती म्हणावी, प्रार्थना म्हणावी किंवा काहीच म्हणू नये, हे मुलींनी ठरवावं. तेवढी एक अट लेखी घ्यावी, आणि ती सगळ्यांना सारखी लावावी, मिशनला नि मठाला.

मालक हो म्हणतात, चहा पितात आणि जातात.

नोकरी सुटल्यावर घरी वर्ग सुरू केला, तेव्हा मशिनी यायच्या आधी मी सुताराला बोलावून तुळईत दोन आकडे ठोकून घेतले. "बाई, पंखा लावायचाय का?" त्यानं विचारलं. झोळीसाठी म्हटल्यावर त्यानं आकडे बदलून जाड घातले. सध्या एकाला जुनी नऊवारी बांधलीय, दुसरा रिकामा आहे. काज करायच्या मशिनीचा आवाज फार, म्हणून ते काम आम्ही बाळ उठल्यावरच काढतो.