शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे इतकी रुळली आहे की, वृद्ध माणसाच्या विस्मरणाकडे आपण हसून पाहतो व पुढे जातो. कोणी त्यास म्हातारचळ म्हणतो, कोणी वयाचा दोष. परंतु चष्मा कोठे ठेवला हे विसरणे वेगळे आणि चष्मा कशासाठी असतो हेच विसरणे वेगळे. पहिले वयाचे लक्षण असेल. दुसरा रोग आहे. त्यास स्मृतिभ्रंश म्हणतात. त्याच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराचे वर्णन अलॉइस आल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ साली केले व पुढे त्यांचेच नाव त्या रोगास पडले. भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. ही संख्या रोग्यांची झाली. जो स्वतः रोगी नाही, परंतु रोगाने ज्याचे सारे आयुष्य व्यापले आहे, त्या शुश्रूषा करणाऱ्याची गणती कोण करतो? आज आम्हांस त्याच्याविषयी लिहावयाचे आहे.

हा रोग बहुधा ताजी आठवण आधी पुसतो व जुनी मागे ठेवतो. म्हणून ‘जेवण झाले आहे’ हे एका दुपारी दहा वेळा सांगावे लागते. पैसे चोरल्याचा आळ, जी सून रात्रंदिवस राबते, तिच्यावरच येतो. दिवेलागण झाली की ‘मला घरी जायचे आहे’ असा धोशा सुरू होतो. आणि बोलणारा तर स्वतःच्याच घरात बसलेला असतो. मध्यरात्री दाराची कडी वाजते. ताप उतरतो, मोडलेले हाड सांधते. हे दुखणे मात्र वर्षानुवर्षे चालते व वाढतच जाते. नॅन्सी मेस व पीटर रॅबिन्स या अमेरिकन लेखकद्वयाने १९८१ साली अशा कुटुंबांसाठी एक पुस्तक लिहिले. त्याच्या नावाचाच अर्थ ‘छत्तीस तासांचा दिवस’ असा होतो. ज्याच्या घरी हे दुखणे आहे, त्यास या नावाचे स्पष्टीकरण नको.

पुंडलिकाची कथा आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली आहे. परंतु तिच्यातील दोन गोष्टींकडे आपले लक्ष जात नाही. कथेत सेवा करणारा मुलगा आहे. घरोघरी मात्र ती सून, लेक किंवा पत्नी करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, अशा रोग्यांच्या घरगुती शुश्रूषेतील ७० टक्के तास स्त्रियांच्या वाट्यास येतात. दुसरी गोष्ट अशी की, पुंडलिकाच्या दारी प्रत्यक्ष देव आला, तोही विटेवर निमूट उभा राहिला. आपण मात्र आजाऱ्याच्या घरी जातो, चहा घेतो, ‘अमका काढा देऊन पाहा’ अशा दोन सूचना करतो आणि निघतो. मागे कपबश्या उरतात, त्याही तिलाच विसळाव्या लागतात!

कोणी म्हणेल, आईवडिलांची सेवा हा तर धर्म आहे. त्यात मदत कसली मागावयाची? आम्ही म्हणतो, धर्म साऱ्या घराचा असेल तर त्याचा भारही साऱ्या घराने उचलावा. चौघांचे कर्तव्य एकीच्या माथी मारून तिला ‘साक्षात देवी’ म्हणणे, हा गौरव नव्हे. ती वेठ आहे. परगावचा भाऊ दरमहा पैसे पाठवितो, हे चांगलेच आहे. परंतु त्याने वर्षातून पंधरा दिवस येऊन रात्रीचे जागरण स्वतःकडे घेतले, तर त्याचे मोल पैशांहून अधिक होईल. झोप न मिळालेले माणूस चिडते, मग चिडल्याबद्दल स्वतःलाच दोष देते, आणि शेवटी स्वतःच अंथरूण धरते. तसे झाले म्हणजे एका घरात दोन रोगी होतात.

आपल्यासारख्या परप्रांती वसलेल्या मराठी समाजाचा एक प्रश्न आणखी वेगळा आहे. २०१३ साली आपल्या हैदराबादेतील निझाम्स इन्स्टिट्यूटच्या डॉक्टरांनी ६४८ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांमध्ये हा रोग सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसू लागतो, असे त्यांस आढळले. ही आपल्यास आनंदाची वार्ता खरी. परंतु रोग आलाच, तर मागाहून शिकलेली भाषा पुष्कळदा आधी निसटते. जन्मभर कचेरीत उर्दू व बाजारात तेलुगू बोललेले आजोबा अखेर मराठीच तेवढी बोलू लागतात. मदतीस ठेवलेल्या बाईस ती समजत नाही. नातवंडांसही कित्येकदा पुरती येत नाही. अशा वेळी ओळखीचा अभंग म्हणणारे, जुने मासिक मोठ्याने वाचून दाखविणारे पोर हे औषधाइतकेच उपयोगी असते. आपल्या शाळेत मराठी कशाला शिकावी, असे विचारणाऱ्यांस हेही एक उत्तर आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडून फार मोठे काही नको. शेजारी असे दुखणे असेल तर आठवड्यातून दोन तास आजीजवळ बसा आणि तेवढ्या वेळात काकूंना निजू द्या किंवा देवळात जाऊ द्या. आजीने तोच प्रश्न पुन्हा विचारला तर ‘आत्ताच सांगितले ना!’ असे म्हणू नका; पुन्हा सांगा. तिच्याशी वाद घालू नका, विषय बदला. तिच्या पिशवीत नाव व घरचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी ठेवा. वडील मंडळींस आमचे सांगणे असे की, विस्मरण दिसताच प्रथम डॉक्टरांकडे जावे. कारण थायरॉइडचा विकार किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळेही स्मृती मंदावते, व ती उपचाराने सुधारू शकते. वृद्धांसाठी असलेला १४५६७ हा सरकारी मदतीचा क्रमांकही घरात लिहून ठेवावा.

समाजावरही जबाबदारी आहेच. केरळात १९९३ साली कालिकत येथे असाध्य रोग्यांच्या वेदना हलक्या करण्याचे काम सुरू झाले. पुढे गावोगावचे स्वयंसेवक रोग्यांच्या घरी जाऊ लागले आणि २००८ साली राज्य सरकारने त्यासाठी धोरणच आखले. मुलांसाठी जशी बालवाडी, तशी अशा वृद्धांसाठी दिवसाचे चार तास सांभाळणारी जागा आपल्या मंडळांच्या सभागृहांत का असू नये? गणेशोत्सवास दहा दिवस देणारी सभागृहे उरलेल्या वर्षातील काही दुपारी या कामास देऊ शकतील.

‘शुश्रूषा’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. रोग्याचे ऐकणारी ती माउली घराघरांत आहे. तिचे ऐकणारे कोणी असावे, एवढेच आमचे मागणे आहे. आणि त्याचा आरंभ करण्यास कोणत्याही ठरावाची वा वर्गणीची वाट पाहावी लागत नाही.