गवती चहा आणि सोन्याचे त्रिकोण

मागील महिन्यात पुणे-सातारा महामार्गावरील शिवरे येथे एका आप्तांच्या घरी जाण्याचा योग आला. काकूंनी परसातील गवती चहाची चार पाती खुडून चहात घातली. नातू नुकताच बारावी उत्तीर्ण झालेला. ‘‘मला विज्ञानातच पुढे शिकायचे आहे,’’ असे तो म्हणताच आजोबांनी विचारले, ‘‘मग दुकानाचे काय?’’ पिढ्यानुपिढ्या व्यापार करणाऱ्या घरात हा प्रश्न रास्तच होय. मी त्यांना त्या गवती चहाचीच हकीकत सांगितली.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री यांनी नॅनोकणांवर दीर्घकाळ संशोधन केले. एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. सोने इतके सूक्ष्म झाले की त्याचा पिवळेपणा लोपतो. पाण्यात विखुरलेले ते माणकासारखे लाल दिसते. असे कण घडविण्यासाठी बहुधा तीव्र रसायने वापरली जात. शास्त्री व त्यांचे सहकारी मात्र सजीव सृष्टीकडे वळले. २००१ साली त्यांनी बुरशीच्या साहाय्याने सोन्या-चांदीचे कण मिळविले. २००४ मध्ये गवती चहाच्या पानांचा काढा सोन्याच्या क्षाराच्या द्रावणात मिसळून त्यांनी सोन्याचे सपाट त्रिकोणी कण तयार केले. हे त्रिकोण डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण शोषून घेतात. धातू तोच, परंतु आकार पालटताच गुण पालटला! सराफाच्या कसोटीवर न उमटणारा हा भेद आहे.

२००२ मध्ये त्यांना रसायनशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार लाभला. पुढे ते टाटा केमिकल्सच्या पुण्यातील संशोधन केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ झाले. याच कंपनीने डिसेंबर २००९ मध्ये ‘टाटा स्वच्छ’ हे जलशुद्धीकरणाचे साधन बाजारात आणले. भाताच्या तुसाची राख आणि तिच्यावर चांदीचे नॅनोकण, अशी त्याची रचना. त्याला वीज लागत नाही, नळही लागत नाही. तेव्हा किंमत हजार रुपयांच्या आत होती. आपल्या घरी पाणी वस्त्रगाळ करण्याची रीत आहे. पण वस्त्राच्या विणीतून निसटणारे रोगजंतू रोखण्याचे काम येथे चांदी करते.

आजोबा क्षणभर स्तब्ध राहिले. भोर-वेल्ह्याच्या खाचरांतील भात त्यांनी आयुष्यभर तोलला होता. ‘‘म्हणजे तुसालाही मोल आहे तर! आम्ही ते फुकट जाऊ दिले,’’ ते म्हणाले.

वाचकहो, दुकानाचा प्रश्न त्या दिवशी सुटला नाही. तो एका चहात सुटणाराही नव्हे. परंतु वस्तूचे मोल ओळखणे हाच जर आपला वंशपरंपरागत धर्म असेल, तर प्रयोगशाळेत जाणारा नातू पेढी सोडून फार दूर जात नाही. निघताना आजोबांनी त्याला इतकेच विचारले, ‘‘प्रवेशाचा अर्ज कधी भरायचा?’’