रिपोर्ट नॉर्मल, तरी दुखणे खरेच

पन्नाशीनंतर अचानक दोन्ही खांदे व मांड्या आखडतात, सकाळी अंथरुणातून उठवत नाही आणि रक्ततपासणीत मात्र काहीच सापडत नाही. अशा दुखण्याला ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नका.

“आई, तुझे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. आता उगाच काळजी करू नकोस.” हे ऐकून घरातल्या सर्वांना हायसे वाटते. वाटत नाही ते फक्त जिला दुखते आहे तिला. कारण दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच. कूस बदलता येत नाही, पलंगावरून उठायला कुणाचा तरी हात लागतो, वेणी घालायला हात वर जात नाहीत, ब्लाऊज घालताना डोळ्यांत पाणी येते. दुपारी मात्र तीच आई स्वयंपाकघरात वावरताना दिसते. मग कुणीतरी बोलून जाते, “सकाळी उठवत नव्हते ना? आता बरी फिरतेस!” हळूहळू त्या दुखण्यावर दोन शिक्के बसतात. एक वयाचा आणि दुसरा मनाचा.

हे दोन्ही शिक्के चुकीचे असू शकतात. सकाळी आखडणे आणि दुपारी मोकळे होणे हेच ज्याचे मुख्य लक्षण आहे, असा एक आजार आहे. त्याचे नाव पॉलिमायाल्जिया रुमॅटिका, थोडक्यात पी.एम.आर.

नाव अवघड, लक्षणे साधी

या नावाचा अर्थ अनेक स्नायूंचे दुखणे असा होतो. प्रत्यक्षात सूज स्नायूंमध्ये नसते, तर खांदा व खुबा यांच्या सांध्यांच्या अस्तरात आणि आजूबाजूच्या द्रवाच्या छोट्या पिशव्यांमध्ये असते. स्कॉटलंडमधील डॉक्टर विल्यम ब्रूस यांनी १८८८ मध्ये अशा वृद्ध रुग्णांचे वर्णन केले होते. आजचे नाव १९५७ मध्ये डॉक्टर बार्बर यांनी दिले.

पन्नाशीच्या आत हा आजार सहसा होत नाही. सत्तरीच्या आसपास त्याचे प्रमाण सर्वाधिक असते आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये तो दोन ते तीन पट आढळतो. उत्तर युरोपात तो बराच दिसतो. आपल्याकडे कमी दिसतो, म्हणून डॉक्टरांच्याही मनात त्याचे नाव उशिरा येते.

दुखणे दोन्ही बाजूंना असते. मान, खांदे व दंड, तसेच कंबर, खुबे व मांड्या आखडतात. सुरुवात बहुधा काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत होते. सकाळचा ताठरपणा पाऊण तासाहून अधिक टिकतो. बराच वेळ बसून उठतानाही तसेच होते. जोडीला थकवा, बारीक ताप, भूक मंदावणे, वजन घटणे व उदासपणाही येऊ शकतो.

रक्त काय सांगते?

शरीरात कुठे सूज आहे का, हे पाहण्यासाठी प्रामुख्याने दोन तपासण्या होतात. पहिली ई.एस.आर. उभ्या नळीत ठेवलेल्या रक्तातील लाल पेशी एका तासात किती मिलिमीटर खाली बसतात, हे तीत मोजतात. शरीरात सूज असली, की रक्तातील काही प्रथिने वाढतात, पेशी नाण्यांच्या चवडीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि लवकर खाली बसतात. दुसरी तपासणी सी.आर.पी. हे प्रथिन सूज असताना यकृत अधिक प्रमाणात तयार करते.

पी.एम.आर.च्या बहुतेक रुग्णांमध्ये हे आकडे वाढलेले असतात. पण ‘बहुतेक’ म्हणजे सर्व नव्हे. काहींचा ई.एस.आर. नॉर्मल येतो आणि सी.आर.पी. तेवढा वाढलेला असतो. म्हणून केवळ एकाच तपासणीवर थांबू नये. थोड्या रुग्णांमध्ये मात्र दोन्ही आकडे नॉर्मल असतात आणि तरीही आजार असतो.

कधी यामागे आणखी एक कारण असते. तपासणीपूर्वी रुग्णाने स्टिरॉइड घेतलेले असते, कधी कधी स्वतःच्या नकळत. ‘सांधेदुखीवर हमखास गुण’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टिरॉइड मिसळल्याची प्रकरणे आपल्याकडे उघडकीस आली आहेत. अशा पुडीने दुखणे दबते, रिपोर्टही सुधारतो आणि खरा आजार झाकला जातो.

उलट, रक्तक्षय असला किंवा वय जास्त असले, तरी ई.एस.आर. वाढलेला दिसतो. म्हणजे वाढलेला आकडा हा आजाराचा पुरावा नव्हे आणि नॉर्मल आकडा हा आजार नसल्याचा दाखला नव्हे.

२०१२ मध्ये युरोप व अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांनी या आजाराचे निकष ठरवले. त्यांत ई.एस.आर. किंवा सी.आर.पी. वाढलेला असणे आवश्यक मानले आहे. पण हे निकष संशोधनासाठी सारख्या प्रकारचे रुग्ण निवडता यावेत म्हणून आहेत. समोर बसलेल्या रुग्णाचे निदान डॉक्टर त्याची हकिकत ऐकून आणि त्याला तपासूनच करतात.

मग निदान कसे होते?

रिपोर्ट नॉर्मल असतील, तर डॉक्टरांना अधिक सावध राहावे लागते, कारण असेच दुखणे इतर अनेक कारणांनी होते. थायरॉइडची कमतरता, ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेहात आखडणारे खांदे, उतारवयात सुरू होणारा आमवात, पार्किन्सनचा आजार, कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्यांनी दुखणारे स्नायू, क्वचित एखादा कर्करोग. ही कारणे एकेक करून वगळावी लागतात. त्यासाठी थायरॉइड, ‘ड’ जीवनसत्त्व, कॅल्शियम, साखर, आमवाताच्या चाचण्या आणि स्नायूंची झीज दाखवणारी सी.पी.के. चाचणी करतात. पी.एम.आर.मध्ये सी.पी.के. नॉर्मल असते.

खांदे व खुबे यांची सोनोग्राफीही उपयोगी पडते. दोन्ही खांद्यांत पाणी किंवा सूज दिसली, तर रक्ताने न दिलेले उत्तर तिथे मिळू शकते.

यानंतरही संशय पक्का वाटला, तर डॉक्टर प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड कमी मात्रेत सुरू करून पाहतात. सहसा दिवसाला १२.५ ते २५ मिलिग्रॅमच्या दरम्यान मात्रा असते. पी.एम.आर. असेल, तर अनेकांना काही दिवसांतच मोठा फरक जाणवतो. मात्र स्टिरॉइडने इतर दुखणीही तात्पुरती कमी होतात. म्हणून गुण आला एवढ्यावरच निदान पक्के मानले जात नाही, पुढेही लक्ष ठेवावे लागते.

डॉक्टरांकडे जाताना

हकिकत हाच या आजारात मोठा पुरावा आहे. तो नीट मांडता यावा, म्हणून ही तयारी करा.

* दुखणे कोणत्या महिन्यात व कसे सुरू झाले, ते लिहून ठेवा.
* आठवडाभर रोज सकाळी किती वाजता उठलात आणि अंग किती वाजता मोकळे झाले, याची नोंद करा.
* ‘खूप दुखते’ एवढेच न सांगता काय करता येत नाही, ते सांगा. वेणी घालणे, फडताळावरचा डबा काढणे, कमोडवरून उठणे, रिक्षात चढणे.
* शक्य असेल, तर सकाळची वेळ घ्या. दुपारी आखडलेपणा डॉक्टरांना दिसणारच नाही.
* चालू असलेल्या सर्व गोळ्या, काढे व पुड्या बरोबर न्या. लपवू नका.
* जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या. सी.आर.पी. झाली आहे का, हे विचारा.
* नेहमीच्या डॉक्टरांना उलगडा होत नसेल, तर त्यांच्याच सल्ल्याने संधिवाततज्ज्ञांकडे जा.

औषध मित्र, पण धारदार

स्टिरॉइड मनाने सुरू करू नये आणि मनाने बंदही करू नये. पी.एम.आर.मध्ये मात्रा अगदी हळूहळू कमी करावी लागते आणि उपचार बहुधा वर्षभर किंवा त्याहून अधिक चालतात. गोळी एकदम बंद केल्यास दुखणे उलटतेच, शिवाय जिवालाही धोका होऊ शकतो. या औषधाने साखर व रक्तदाब वाढू शकतो, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू होऊ शकतो, दबलेला क्षय डोके वर काढू शकतो. त्यामुळे घरात मधुमेह असेल किंवा पूर्वी क्षय झाला असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नका

पी.एम.आर.च्या काही रुग्णांना कानशिलाजवळच्या व डोक्याच्या रक्तवाहिन्यांना सूज येण्याचा आजार होतो. नवीन प्रकारची डोकेदुखी, केस विंचरताना टाळू दुखणे, घास चावताना जबडा दुखून थांबावे लागणे, धूसर किंवा दोन-दोन दिसणे, एका डोळ्यापुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे आहेत. यात दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा वेळी रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणून थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

घरातल्यांचे काम

नॉर्मल रिपोर्टचा अर्थ एवढाच, की त्या तपासण्यांत काही सापडले नाही. शोध संपला, असा त्याचा अर्थ नव्हे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर बारीकसारीक दुखणी अंगावर काढलेली असतात. त्या स्वतःहून ‘उठवत नाही’ म्हणू लागल्या, तर आधी त्यांच्यावर विश्वास ठेवा. सकाळी त्यांना उठायला हात द्या, घड्याळात वेळ पाहून वहीत टिपून ठेवा आणि ती वही घेऊन त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे जा.