बुजरं पिल्लू घरी आलं, तर...



गेल्या आषाढातली गोष्ट. भर पावसात पुलगाव स्टेशनकडच्या रस्त्यावर नालीत अडकलेलं मांजरीचं पिल्लू माझी लेक ओढणीत गुंडाळून घरी घेऊन आली. जेमतेम दोन महिन्यांचं, नुसता हाडांचा सापळा. सासूबाईंनी दारातच बजावलं, "पाऊस उघडला की सोडून यायचं हं!"

पिल्लू जे कपाटाखाली शिरलं, ते बाहेर येईना. तिथं आमची घाई नडली. लेकीनं हात घालून ओढलं आणि मनगटावर चांगलाच ओरखडा बसला. असं झालं तर हळद लावून बसू नका, बरं का. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवा आणि लगेच दवाखान्यात जाऊन रेबीजच्या इंजेक्शनांचं विचारा. ओरखडा लहान असला तरी चालढकल नको. आम्हीही तेच केलं.

चूक पिल्लाची नव्हती. घाबरलेल्या जिवाला अख्खं घर नको असतं, एक कोपरा हवा असतो. मग सामानाची खोली मोकळी केली. पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून आत माझी नेसलेली जुनी सुती साडी घातली, म्हणजे माणसाचा वास ओळखीचा होतो. एका कोपऱ्यात पसरट टोपलीत कोरडी वाळू, अन् तिच्यापासून लांब पाणी आणि खाणं. खोली फिनाइलनं पुसू नका. मांजर पाय चाटतं, ते विष पोटात जातं. आपली तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर त्याचा जीवच घेते.

गाईच्या दुधानं पिल्लांना जुलाब होऊ शकतात. बिनमिठाचं शिजवलेलं चिकन, उकडलेलं अंडं चालतं. पण रोजचं पोट भरायला पिल्लांसाठीचं तयार खाणं बरं. आमचं घर शाकाहारी. पण मांजराचं दूध-पोळीवर भागत नाही, म्हणून पाकीट आणलं आणि वाटी वेगळी ठेवली.

आम्ही सगळे आळीपाळीनं जाऊन टक लावून बघायचो. पिल्लू आणखीच आत सरकायचं. सासूबाई मात्र टीव्हीचा गोंगाट नको म्हणून त्याच खोलीत जपाला बसू लागल्या. डोळे मिटलेले, हातात माळ, पिल्लाकडे लक्षही नाही. चौथ्या दिवशी ते खोक्याबाहेर आलं. नवव्या दिवशी बघते तर त्यांच्या मांडीवर झोपलेलं! जप केव्हाच संपला होता, पण त्या हलल्या नव्हत्या.

तेव्हा एवढंच करा. जवळ जमिनीवर बसून भाजी निवडा, वह्या तपासा. नजरानजर झालीच तर डोळे सावकाश मिटून उघडा. बोट पुढे धरा, हुंगू द्या. जवळ त्यानं यायचं, आपण नाही. कुणाला आठवडा लागतो, कुणाला महिना. मात्र दिवसभर अन्नाला तोंड लावलं नाही, तर गुरांच्या डॉक्टरांना दाखवा. जंताचं औषध, तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस आणि पुढं नसबंदी, हेही त्यांनाच विचारा.

पाऊस कधीच उघडला. परवा मी मुद्दाम म्हटलं, "आई, सोडून यायचं ना आता?"

"षष्ठीदेवीचं वाहन ते," सासूबाई म्हणाल्या, "असं सोडतात होय?"