आज्ञा कोणाची, मरण कोणाचे?

युद्धावरील चित्रपट पाहून डोळ्यांत पाणी आले, की तो चित्रपट युद्धाच्या विरोधात आहे, असे आपण सहज गृहीत धरतो. हे गृहीतक एकदा तपासून पाहिले पाहिजे, असे आम्हांला वाटते. निमित्त आहे ते ‘ओतोकोताची नो यामातो’ ह्या जपानी चित्रपटाचे. जुन्या सातो ह्यांनी दिग्दर्शित केलेला आणि जुन हेन्मी ह्यांच्या पुस्तकावर आधारलेला हा चित्रपट युद्धसमाप्तीच्या साठाव्या वर्षी, डिसेंबर २००५ मध्ये, जपानमध्ये प्रदर्शित झाला. त्यासाठी ओनोमिची येथे यामातो ह्या युद्धनौकेच्या पुढच्या भागाची सुमारे १९० मीटर लांबीची, खऱ्या मापाची प्रतिकृती उभारण्यात आली होती. असे चित्रपट पाहण्यासाठी आता चित्रपटगृहात जावे लागत नाही. ते आपल्या मुलामुलींच्या हातातील फोनवर येतात. म्हणून हा विषय दूरदेशीचा असला, तरी त्यातून निघणारा प्रश्न आपल्या घरात येऊन बसलेला आहे.

यामातो ही जगातील सर्वांत मोठी युद्धनौका. कुरे येथील नौदलाच्या गोदीत तिची बांधणी १९३७ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर १९४१ मध्ये ती नौदलात दाखल झाली. लांबी २६३ मीटर, पूर्ण भाराने वजन सुमारे ७२ हजार टन आणि ४६ सेंटिमीटर व्यासाच्या नऊ तोफा. परंतु ती समुद्रावर उतरेपर्यंत सागरी युद्धाची सूत्रे विमानांच्या हाती गेली होती. ६ एप्रिल १९४५ रोजी तिला ओकिनावाकडे पाठविण्यात आले. सोबत एक क्रूझर आणि आठ विनाशिका होत्या. किनाऱ्यापर्यंत पोहोचायचे, नौका वाळूत रुतवायची आणि ती नष्ट होईपर्यंत तोफा चालवायच्या, अशी ती योजना होती. परतीचा विचार त्यात नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनशेहून अधिक अमेरिकन विमाने तिच्यावर तुटून पडली. डोक्यावर संरक्षणाला एकही जपानी विमान नव्हते. दोन तासांच्या आत, दुपारी २ वाजून २३ मिनिटांनी, ती बुडाली. नौकेवर ३,३३२ माणसे होती; तीनशेसुद्धा वाचली नाहीत. अमेरिकेची सुमारे दहा विमाने पडली.

चित्रपटाचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना नौदलात घेण्याची पद्धत जपानने युद्धकाळात सुरू केली होती. अशाच एका मुलाच्या, कामिओच्या, नजरेतून ही कथा उलगडते. तो आता म्हातारा कोळी झाला आहे, आणि एका स्त्रीच्या विनंतीवरून तिला नौका बुडाली त्या जागी घेऊन जातो आहे. मुदपाकखान्यातील वडीलधारा नौसैनिक, निरोप घ्यायला आलेल्या आया, मृत मित्राच्या आईसमोर मान खाली घालून उभा राहिलेला वाचलेला मुलगा, ही दृश्ये खोटी नाहीत. कोणाही आईला ती हलवून सोडतील. आमचा वाद ह्या अश्रूंशी नाही. अश्रू कोणासाठी मागितले जातात आणि त्यांच्या आड कोण उभे राहते, एवढेच आम्हांला विचारायचे आहे.

आज्ञा कशी आली, हे चित्रपट दाखवितो. परंतु आज्ञा देणाऱ्याला तो प्रश्न विचारीत नाही. मोहिमेचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल सेइची इतो ह्यांना ही योजना मान्य नव्हती. विमानांच्या संरक्षणाशिवाय हजारो माणसांना मृत्यूच्या तोंडी देणे हा व्यर्थ संहार आहे, हे त्यांना कळत होते. संयुक्त आरमाराचे प्रमुख सेनाधिकारी कुसाका त्यांची समजूत घालायला विमानाने आले. त्यांच्यापाशीही लष्करी उत्तर नव्हते. सारे राष्ट्र, दहा कोटी लोक, आत्माहुती देणार आहेत आणि यामातोने त्यांच्या पुढे चालावे, एवढेच त्यांनी अखेरीस सांगितले. तेव्हा इतो ह्यांनी होकार दिला. विजयाची आशा कोणालाच नव्हती. नौदल शेवटपर्यंत लढले, असे म्हणता यावे म्हणून तीन हजार माणसे पाठविली गेली. ज्यांच्या नावाने आज्ञा निघाली, ते आरमारप्रमुख तोयोदा १९५७ पर्यंत जगले.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या वाचकाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. राष्ट्र वाचावे म्हणून एका माणसाने मरणे हिताचे आहे, असा सल्ला कयफाने न्यायसभेला दिला होता. हिशेब चोख होता. मरणारा माणूस मात्र दुसरा होता. प्रत्येक युगातील कयफा असेच बोलतो. त्याच्या तोंडी कधी राष्ट्र असते, कधी धर्म, कधी प्रतिष्ठा. स्वतःचे नाव त्या यादीत नसते.

नौकेवरचे तरुण मुकाट्याने गेले, असे समजू नये. कशासाठी मरायचे, ह्यावर तरुण अधिकाऱ्यांत वाद झाला होता आणि तो हातघाईवर आला होता. सम्राटासाठी आणि देशासाठी मरणे पुरेसे आहे, असे नौदल विद्यालयातून आलेले म्हणत. विद्यापीठांतून ओढून आणलेल्यांना त्याहून अधिक अर्थ हवा होता. शेवटी उसुबुची नावाच्या एकवीस वर्षांच्या अधिकाऱ्याने वाद मिटविला. पराभवातूनच जपान जागा होईल आणि त्या जागृतीची सुरुवात आपल्या मरणाने होईल, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते. चित्रपटातही हा प्रसंग आहे आणि पुष्कळ प्रेक्षकांना तोच सर्वांत उदात्त वाटतो. इतका समंजस तरुण, इतके शांत मरण!

येथेच आम्ही हात आडवा घालतो. ज्याच्यापुढे दुसरी वाट उरलेली नाही, त्याला आपल्या मरणात अर्थ शोधण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्या एकवीस वर्षांच्या मुलापुढे आम्ही आदराने उभे राहतो. परंतु त्याने शोधलेला अर्थ त्याला मरणाकडे ढकलणाऱ्यांना उसना घेता येणार नाही. साठ वर्षांनी तोच अर्थ पडद्यावर मांडून, ह्या मुलांच्या मरणामुळे आजचा जपान उभा राहिला, असे सुचविणे हा त्या मुलांवर दुसरा अन्याय आहे. जपान जागा होण्यासाठी उसुबुचीने मरण्याची गरज नव्हती. जागे होण्याची गरज त्याला पाठविणाऱ्यांना होती. तो जगला असता, तर जागा झालेल्या जपानच्या उभारणीला त्याचे हात लागले असते.

आपण ख्रिस्ती माणसे ‘बलिदान’ हा शब्द दर रविवारी वेदीसमोर ऐकतो. म्हणून त्याचा अर्थ जपण्याची जबाबदारी इतरांपेक्षा आपल्यावर अधिक आहे. प्रभू येशूने आपला प्राण स्वतः होऊन दिला. कोणी तो त्याच्यापासून हिरावून घेतला नाही, असे तो स्वतः सांगतो. त्याने दुसऱ्या कोणाचा प्राण अर्पण केला नाही. किंबहुना गेथशेमाने बागेत त्याला धरायला माणसे आली, तेव्हा आपल्या शिष्यांना जाऊ द्यावे, असे त्याने सांगितले. स्वतःचा प्राण देणे हे बलिदान. दुसऱ्याच्या मुलाचा प्राण देणे हे बलिदान नव्हे, मग त्यावर कितीही फुले वाहा.

हा मोह किती सूक्ष्म असतो, हे जपानच्याच कॅथलिकांनी अनुभवले आहे. यामातोची जुळी नौका मुसाशी ज्या नागासाकीत बांधली गेली, त्याच शहरातील उराकामी ह्या जुन्या कॅथलिक वस्तीवर ९ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबॉम्ब पडला. तेथील सुमारे बारा हजार कॅथलिकांपैकी आठ हजारांहून अधिक मरण पावले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये मृतांसाठी झालेल्या मिस्साच्या वेळी डॉ. ताकाशी नागाई ह्यांनी त्यांना देवाने स्वीकारलेले निष्कलंक होमार्पण म्हटले. नागाईंनी स्वतःची पत्नी गमावली होती. त्या उद्गारांमागे सांत्वन होते, कावा नव्हता. तरीही पुढे अनेकांनी त्यांच्यावर टीका केली. कारण मरण देवाने मागितले असे ठरले, की बॉम्ब टाकणारा आणि युद्ध पेटविणारा दोघेही सुटतात. २५ फेब्रुवारी १९८१ रोजी हिरोशिमा येथे पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी युद्ध हे माणसाचेच कृत्य आहे, असे स्पष्ट सांगितले. ते ऐकून अनेक वाचलेल्यांच्या मनावरील भार उतरला. आपले दुःख ही देवाची योजना नव्हती, हे त्यांना कोणीतरी अधिकाराने सांगायला हवे होते.

यामातोचे मरणही माणसाचे कृत्य होते, आणि माणसाचे कृत्य माणसाला थांबविता येते. ह्याचा पुरावा त्याच प्रवासात आहे. नौदल विद्यालयातून नुकतेच आलेले ६७ छात्र निघण्यापूर्वी नौकेवरून उतरविण्यात आले. मोहीम जर पवित्र होती, तर त्यांना का वगळले? उतरविणाऱ्यांना ती निरर्थक आहे हे ठाऊक होते, म्हणूनच. दुसऱ्या दिवशी नौका वाचत नाही हे दिसताच इतो ह्यांनी मोहीम रद्द केली आणि उरलेल्या विनाशिकांना वाचलेल्यांना उचलून परत जाण्याची आज्ञा दिली. चार विनाशिका परतल्या. इतो स्वतः नौकेबरोबर बुडाले. त्यांच्या मरणाची गाथा पुष्कळांनी गायिली आहे. आम्हांला त्यांची ती शेवटची आज्ञा अधिक मोलाची वाटते. कितीतरी तरुण तिच्यामुळे घरी गेले.

आणखी एक उणीव सांगितल्यावाचून राहवत नाही. ह्या चित्रपटाचा समुद्र फार रिकामा आहे. ऑक्टोबर १९४४ मध्ये यामातो फिलिपिन्समधील लेटेच्या लढाईत उतरली होती. ती लढाई पडद्यावर येते, परंतु त्या किनाऱ्यावरचा फिलिपिनो माणूस येत नाही. त्यानंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९४५ मध्ये, त्याच देशाच्या राजधानीत, मनिलात, सुमारे एक लाख नागरिक मेले. त्यांतील कित्येकांची जपानी सैन्याने कत्तल केली. तेथील दे ला साल महाविद्यालयात सोळा व्रतस्थ ब्रदर आणि त्यांच्या आश्रयाला आलेली कुटुंबे मारली गेली. ज्या ओकिनावाच्या रक्षणासाठी नौका निघाली, तेथील सामान्य माणसे लाखाच्या घरात मेली. तीही पडद्यावर दिसत नाहीत. आपल्या मुलांसाठी रडणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या तोफांपुढे उभे असलेले दुसऱ्याचे मूल ज्या रडण्याला दिसत नाही, ते रडणे अपुरे आहे.

आमच्यावर आक्षेप येईल, तोही आम्ही ऐकतो. सुरक्षित घरात बसून सैनिकाच्या आज्ञापालनाला नावे ठेवणे सोपे आहे. सीमेवरचा जवान असाच विचार करीत बसला, तर देशाचे काय होईल? आम्ही सैनिकाला नावे ठेवीत नाही. देशाच्या रक्षणासाठी प्रामाणिकपणे सेवा करणारा सैनिक शांतीचीच सेवा करतो, असे ख्रिस्तसभा शिकविते. परंतु तीच ख्रिस्तसभा अटीही घालते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात न्याय्य संरक्षणाच्या अटींमध्ये यशाची वास्तव शक्यता ही एक अट आहे. यामातोच्या मोहिमेला ती नव्हती, हे तिला पाठविणारेही जाणून होते. शिवाय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली बजाविले आहे, की नैसर्गिक नियमाविरुद्धच्या आज्ञा पाळणाऱ्याला आंधळे आज्ञापालन ही सबब पुरणार नाही, आणि अशा आज्ञांना उघडपणे विरोध करणाऱ्यांचे धैर्य गौरवास पात्र आहे. ऑस्ट्रियाचा शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर ह्याने हिटलरच्या सैन्यात लढण्यास नकार दिला. पत्नी आणि मुली मागे ठेवून ९ ऑगस्ट १९४३ रोजी तो शिरच्छेदाला सामोरा गेला. २००७ साली ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित घोषित केले. तोही मेला, परंतु त्याने कोणाला मारले नाही, आणि त्याचे मरण कोणी त्याच्यासाठी ठरविले नव्हते. नकार हीच त्याची आहुती होती.

यामातोची खरी साक्ष हवी असेल, तर ती मित्सुरू योशिदा ह्याच्याकडे मिळते. हा विद्यापीठातून नौदलात ओढला गेलेला बावीस वर्षांचा अधिकारी. तो वाचला. युद्ध संपताच त्याने नौकेच्या अंताची हकिगत लिहिली. अमेरिकन ताब्यातील प्रशासनाने ती रोखली. पूर्ण स्वरूपात ती १९५२ साली प्रसिद्ध झाली. योशिदाने १९४८ साली कॅथलिक बाप्तिस्मा घेतला. पुढे तो प्रॉटेस्टंट मंडळीत गेला. बँकेत नोकरी करीत, संसार करीत तो १९७९ पर्यंत जगला आणि एकच प्रश्न विचारीत राहिला: आमच्या पिढीने होकार कोठे दिला? आम्ही जबाबदार कोठे ठरतो? वीराची पगडी त्याला सहज मिळाली असती. ती डोक्यावर चढवून घेण्याऐवजी त्याने स्वतःच्या विवेकाची झडती घेतली.

चित्रपटाच्या शेवटी म्हाताऱ्याच्या बोटीचे सुकाणू पंधरा वर्षांचा एक मुलगा हाती घेतो. दृश्य सुंदर आहे. परंतु त्या मुलाला बोट कोणत्या दिशेने न्यायची, हे कोणी सांगितलेले नाही. ते सांगणे चित्रपटाला जमले नसेल, तर ते आईबापांचे, धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांचे आणि धर्मग्रामातील युवक चालविणाऱ्यांचे काम आहे. आपली मुले असे चित्रपट पाहणारच. त्यांना ते पाहू द्या, रडूही द्या. मग त्यांच्याजवळ बसून विचारा: ह्यांना कोणी पाठविले? पाठविणारा कोठे होता? त्याला नाही म्हणता आले असते का? आणि उद्या राष्ट्राच्या, जातीच्या किंवा धर्माच्याही नावाने कोणी तुझा प्राण मागितला, किंवा तुझ्या हातून दुसऱ्याचा मागितला, तर तू काय विचारशील?

हे प्रश्न विचारायला शिकलेला तरुण देशाला कमी पडेल, अशी भीती आम्हांला वाटत नाही. देशाला तोच तारील.