दोष फोनच्या माथी मारू नका

जून-जुलै महिना उजाडला की कळंब परिसरातील घराघरांत एकच धावपळ सुरू होते. दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींचे प्रवेश, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज. ही कामे आता संकेतस्थळावर करावी लागतात. मग ठरलेली तक्रार कानी येते, "आमच्या फोनवर ते पान नीट उघडतच नाही, खालचे बटणच दिसत नाही." बाप म्हणतो पोराला जमत नाही, पोर म्हणते फोनच भिकार आहे. अखेर एक दिवसाची मजुरी बुडवून नेरळ किंवा कर्जत गाठावे लागते आणि अर्ज भरून देणाऱ्याला पैसे मोजावे लागतात. यात दोष कोणाचा, हे आपल्या कुटुंबांनी एकदा नीट समजून घेतले पाहिजे.

संकेतस्थळाचे पान छापील पत्रकासारखे तयार होऊन आपल्या फोनवर येत नाही. येतात त्या केवळ लेखी सूचना. इथे मथळा लिही, इथे रकाना आख, इथे बटण ठेव. त्या वाचून पान मांडण्याचे काम फोनमधला ब्राउझर करतो. क्रोम, सफारी, फायरफॉक्स ही त्यांपैकी काहींची नावे. एकच नकाशा चार गवंड्यांच्या हाती दिला तर चार घरे हुबेहूब सारखी होत नाहीत, तसेच येथे घडते. शिवाय कोणाचा पडदा हातभर रुंद, तर कोणाचा तळहाताएवढा. २०१७ साली आलेल्या जिओफोनचा पडदा अवघा २.४ इंचांचा होता.

मराठी माणसाने हा त्रास फार पूर्वीपासून सोसला आहे. देवनागरीला जगमान्य संकेत देणारी युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे मराठी संकेतस्थळे आपापले वेगळे फॉन्ट वापरीत. तो फॉन्ट आपल्या संगणकावर नसला की बातमीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन कचरा दिसे. पुढे मोबाईल आले, तर कित्येक फोनवर मराठीच्या जागी नुसते चौकोन दिसू लागले. त्या काळात ऑपेरा मिनी या ब्राउझरने एक युक्ती काढली. देवनागरी मजकुराचे आपल्या यंत्रावर चित्र बनवायचे आणि ते चित्र फोनला धाडायचे. फोन साधाच राहिला, पण मराठी वाचता आली. करणाऱ्याच्या मनात असले तर गरिबाच्या फोनवरही मार्ग निघतो, हे यावरून दिसते.

मनात नसले तर काय होते, तेही पाहू. एके काळी इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरचे जगभर राज्य होते. "हे संकेतस्थळ याच ब्राउझरवर पाहावे" अशी पाटी आपल्याकडेही अनेक पानांच्या तळाशी असे. दक्षिण कोरियात तर १९९९ च्या कायद्यानंतर बँकेचे व्यवहार याच ब्राउझरच्या एका जोडयंत्रणेवर बांधले गेले. दुसरा ब्राउझर वापरणाऱ्याला तेथे थारा नव्हता. त्या जोखडातून सुटायला त्या देशाला वीस वर्षे लागली. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने तो ब्राउझर निवृत्त केला. एकालाच डोक्यावर घेतले की त्याच्याबरोबर आपणही अडकतो.

आजच्या अडचणी दिसायला किरकोळ, पण परिणाम मोठा. जन्मतारखेचा रकाना घ्या. नव्या ब्राउझरमध्ये तेथे दिनदर्शिका उघडते, जुन्यात रिकामी चौकट येते. मुलगी ०५/०६ लिहिते ते ५ जून म्हणून. पलीकडचे यंत्र ते ६ मे असे वाचू शकते. मग शाळा सोडल्याच्या दाखल्याशी तारीख जुळत नाही आणि अर्ज परत येतो. इंग्रजी अक्षरांच्या उंचीने आखलेल्या चौकटीत मराठीची वेलांटी, रफार आणि उकार कापले जातात. 'ॲट्रॉसिटी' या शब्दातला पहिला 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधीच्या फॉन्टवर तेथे चौकोन दिसतो.

आपल्या वस्तीतील कित्येक मुले-मुली आता संगणकाचे शिक्षण घेत आहेत. उद्या हीच मुले अशी पाने बांधतील. त्यांना आमचे सांगणे आहे. पान आधी सर्वांत लहान पडद्यासाठी आणि सर्वांत साध्या फोनसाठी बांधा, मग मोठ्यासाठी सजवा. रुंदी ठोकून बसवू नका, पडद्याच्या मापाने ती घटू-वाढू द्या. जन्मतारखेसाठी दिवस, महिना आणि वर्ष असे तीन वेगळे रकाने द्या. ब्राउझरचे नाव विचारून त्याला बाहेर काढू नका. त्याला अमुक काम येते का, एवढेच तपासा आणि येत नसेल तर साधा मार्ग खुला ठेवा. नाव-आडनाव पाहून माणसाची पारख होताना आपल्या समाजाने पुष्कळ सोसले आहे. तीच रीत आपल्या हातून यंत्रातही उतरू नये. आणि काम झाले की ते आपल्या नव्या लॅपटॉपवर पाहून समाधान मानू नका. शेजारच्या मावशींच्या जुन्या फोनवर उघडून पाहा.

आई-वडिलांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पान अडले तर दुसऱ्या ब्राउझरवर उघडून पाहावे. क्रोमच्या तीन ठिपक्यांत 'डेस्कटॉप साइट' हा पर्याय असतो, त्याने कधी कधी लपलेले बटण दिसते. तरीही न जमल्यास पडद्याचा फोटो काढून, तारीख-वेळ लिहून, मुदत संपण्यापूर्वी लेखी तक्रार द्यावी. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्र सरकारने २००९ साली मार्गदर्शक सूत्रे काढली आणि २०२३ साली त्यांची तिसरी आवृत्ती आली. पान निरनिराळ्या ब्राउझरवर तपासून पाहावे, अशी अपेक्षा त्यांत आहे. तेव्हा तक्रार करताना आपण कोणाकडे उपकार मागत नसतो.

मुख्य म्हणजे, पान उघडले नाही म्हणून पोराला अडाणी ठरवू नका. शिष्यवृत्ती त्याच्या हक्काची आहे. त्याच्या हाती असेल त्या फोनवर ती मागता यावी, ही जबाबदारी पान बांधणाऱ्याची आहे.